ज्वारी, पाणी, मीठ

शिवरात्र जवळ आली की सोलापुरातली थंडी पळते आणि माझं पित्त खवळतं. डॉक्टर म्हणतात, उन्हाला जपा. सोलापूरकराला उन्हाचं काय सांगता, ते तर घरचंच माणूस. मला भीती असते ती ढगांची. या दिवसांत आभाळ कोरडं, निळं असावं, रानात ज्वारीची काढणी चाललेली असावी आणि कडब्याच्या गंजीवर चिमण्यांनी खुशाल भांडावं, एवढंच माझं देवाकडे मागणं असतं.

आज सकाळी गच्चीवर गेलो तर पश्चिमेला, मंगळवेढ्याच्या अंगाला, आभाळ मळकट दिसलं. महादेवी माझ्या आधीच येऊन कठड्याशी उभी होती. हातात चहाची बशी, चहा तसाच.

"येईल का गं?" मी विचारलं.

"मला इचारून येतंय व्हय ते?" ती म्हणाली आणि बशीतला गार चहा तुळशीच्या शेजारच्या कुंडीत ओतून खाली गेली.

खाली जाऊन तिनं आधी भावाला फोन लावला असणार, हे मला न बघता कळतं. भाऊ मंगळवेढ्याजवळ शेती करतो, आमची ज्वारी त्याच्याच रानातून येते. काढली का, झाकली का, ताडपत्री फाटकी तर नाही ना. तो बिचारा दर वर्षी तीच उत्तरं देतो. आमच्याकडे या हंगामात कुणी मोठ्यानं हसत नाही. सुगीचे दिवस म्हणे आनंदाचे. असतील. आमच्या घरात सुगी दबक्या पावलांनी येते आणि धान्य कोठीत पडेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांशी तुटक बोलतो.

महादेवी माझी बायको. कडक भाकरीच्या धंद्याची मालकीणही तीच. मी तिथं फोन घेतो, पार्सलांवर पत्ते लिहितो आणि बोलणी खातो. कडक भाकरी म्हणजे शिळी भाकरी नव्हे, हे अजून मला लांबच्या गिऱ्हाइकांना समजावून सांगावं लागतं. ज्वारीचं पीठ मळायचं, हातानं थापत थापत अगदी पातळ करायचं, तव्यावर भाजायचं आणि मग मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत तिच्यातलं सगळं पाणी घालवायचं. मोडली की टचकन आवाज यायला हवा. मग ती महिनाभरही राहते. वर शेंगाचटणी आणि कवडीचं दही असलं की माणसाला जेवताना बोलायला सुचत नाही.

मी पूर्वी टॉवेलच्या कारखान्यात कारकून होतो. एका सकाळी कारखान्याच्या फाटकाला कुलूप दिसलं, आणि आम्ही सगळे डबे हातात धरून बराच वेळ तिथंच उभे राहिलो. घरी आलो तेव्हा महादेवी भाकरी थापत होती. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, काही विचारलं नाही. थापणं मात्र थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी ती शेजारणीचा तवा मागून घेऊन आली.

भाकरी ही काय विकत घ्यायची गोष्ट आहे का, असं आम्हाला पहिल्या वर्षी अर्ध्या सोलापुरानं ऐकवलं. दुकानदार पिशवी हातात घेऊन उलटीसुलटी करत आणि परत देत. कुणी म्हणे, "वहिनी, आमच्या घरातबी बाई हाय की." पहिल्या पावसाळ्यात सगळा माल सादळला. कडक म्हणून गेलेली भाकरी मऊ पडून परत आली आणि आम्ही पंधरवडाभर ती आमटीत कुस्करून खाल्ली. मी रडकुंडीला आलो होतो. महादेवी फक्त म्हणाली, "अजून बारीक आच ठेवाया पायजे." तिच्या चिकाटीचं मला कौतुक होतं आणि थोडी धास्तीही. असं माणूस हरत नाही. पण न हरण्यासाठी ते कुठवर जाईल, हे त्यालाही ठाऊक नसतं.

खोटेपणा आमच्याकडे आला तो काळं तोंड घेऊन नाही. चांगला हसत हसत, पाकिटावर बसून आला. छापखानेवाला म्हणाला, चित्र पाहिजे, त्याशिवाय माल उठत नाही. त्यानंच संगणकातून एक म्हातारी काढली. नऊवारी नेसलेली, चुलीपुढं बसून भाकरी करणारी. आमच्याकडे चूल नाही, गॅसच्या शेगड्या आहेत. आणि ती म्हातारी कुणाची कोण, देव जाणे. गिऱ्हाइकं फोनवर विचारत, "आजी कशा आहेत?" मी म्हणे, "बऱ्या आहेत." एकदा तर मी तिचे गुडघे दुखत असल्याचंही सांगून मोकळा झालो. महादेवी पोट धरून हसली होती. त्यात कुणाचं काय बिघडलं? काहीच नाही. तेच तर वाईट असतं. काही बिघडत नाही म्हटल्यावर माणसाचा हात सैल होतो.

पण त्या म्हातारीच्या खाली एक ओळ होती आणि ती मात्र खरी होती. ती मी लिहिली होती. ‘यात फक्त ज्वारी, पाणी आणि मीठ. चौथं काही नाही.’ आयुष्यात माझं छापून आलेलं एवढंच लेखन. मी पाकिटं भरताना ती ओळ दर वेळी वाचत असे. महादेवी म्हणायची, "वाचून वाचून पुसून टाकताय का आता?"

त्या ओळीनं आम्हाला एक वेगळंच गिऱ्हाईक आणून दिलं, ज्याचा आम्ही विचारही केला नव्हता. नाशिकहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलीला, सईला, गहू चालत नव्हता. नावड नव्हे, आतड्याचा आजार. गव्हाचा कण पोटात गेला तरी दिवस दिवस पोट धरून पडायची, जुलाब, उलट्या, वजन उतरायचं. "काका, नक्की फक्त ज्वारीच ना? थोडंसुद्धा दुसरं पीठ नाही ना?" मी म्हणालो, "ताई, छापलंय की." त्या दर महिन्याला मागवत आणि दर महिन्याला हाच प्रश्न विचारत. मी एकदा फोन ठेवल्यावर कुरकुरलो. महादेवी म्हणाली, "इचारू दे की. आईच हाय ती." पुढे सई स्वतःच कधी कधी फोनवर यायची. शाळेतली मुलं तिच्या डब्याला पापड म्हणतात, हे तिनंच मला सांगितलं.

अशी घरं मग वाढत गेली. एकीनं दुसरीला सांगितलं. आणि त्यातूनच पुण्याच्या एका मोठ्या दुकानाची मागणी आली. त्यांच्याकडे गहू न चालणाऱ्या माणसांसाठी वेगळं कपाट होतं. तिथं आमची पाकिटं लागणार होती, म्हातारीसकट. कारखान्याच्या फाटकासमोर डबा धरून उभं राहिल्यापासून जे जे सोसलं होतं, त्या सगळ्याचं उत्तर असल्यासारखा तो फोन होता. महादेवीनं त्या दिवशी सिद्धेश्वराला जाऊन तळ्याच्या पायरीवर बराच वेळ बसून घेतलं. येताना कामावरच्या बायांसाठी पेढे आणले. थापायला माणसं कमी पडतील म्हणून दुधनीच्या गौराक्कालाही बोलावून घेतलं.

गौराक्का म्हणजे महादेवीच्या माहेरच्या नात्यातली. निम्मं कन्नड, निम्मं मराठी आणि दोन्हीही ठसक्यात. महादेवीला ती ‘तंगी’ म्हणते, म्हणजे धाकटी बहीण. तिच्या हाताखाली भाकरी आपली आपण गोल होते, मुद्दाम काही करावं लागत नाही.

आणि मग, त्या वर्षीची काढणी अर्ध्यावर असताना, पाऊस पडला.

त्या पावसाचं वर्णन करावंसं वाटत नाही. पाऊस म्हटलं की लोकांच्या लेखण्या भिजतात, मातीचा वास येतो. मला आठवतो तो कणसांचा वास. भावानं भिजलेल्या ज्वारीचं पोतं आणून ओसरीत ओतलं तेव्हा आंबूस, कुबट वाफ वर आली. मोत्यासारखी म्हणून नावाजलेली मालदांडी, दाणा न् दाणा काळा पडलेला. भाऊ खाली बघत म्हणाला, "ताई, निम्मी खळ्यावरच ऱ्हायली. हे बघ, मोड आलंय." महादेवीनं मूठभर दाणे उचलले, चोळले आणि परत टाकले. "ही न्हाय चालायची," ती म्हणाली. एवढ्या टंचाईत काळी ज्वारी तिनं नाकारली, हे मला मुद्दाम सांगायचंय. ती लबाड बाई नव्हती. नाही.

शेवटी वैरागच्या एका व्यापाऱ्याकडून ज्वारी आणली. दिसायला पांढरीशुभ्र. कधीची होती कुणास ठाऊक. गिरणीतून पीठ आलं, महादेवीनं मळायला घेतलं आणि पहिल्याच उंड्याला तिच्या कपाळावर आठी आली. पिठाला विरीच नव्हती. विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा, जो असला तर भाकरी हाताबरोबर पसरते. नसली तर कडेनं फाटते, उचलताना मोडते, तव्यावर पडेपर्यंत तिचे नकाशे होतात. ऊन पाणी घालून पाहिलं, पाण्याला उकळी आणून पीठ त्यात टाकून पाहिलं. बायांचे तळवे लाल झाले. चुऱ्याचे ढीग लागले. पुण्याहून रोज फोन, माल कधी निघतोय. मी रोज म्हणायचो, निघतोच आहे. खोलीत शेगड्यांची धग, बाहेर ऊन. एरवी बायांच्या गप्पांनी पत्रे उडायची वेळ यायची. त्या दिवसांत फक्त थापण्याचा आवाज, आणि मधूनच भाकरी फाटली की कुणाचा तरी सुस्कारा.

महादेवी चिडून एकीला बोलली, एकीला नाही ते बोलली. जेवायला बसली की पहिला घास हातातच राही. मी म्हणालो, पुण्याला सांगू या, या वेळी जमणार नाही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी प्यायला उठलो.

आणि मग एका सकाळी भाकऱ्या जमू लागल्या.

काल फाटत होत्या त्या आज सरसर पसरत होत्या. कड गुळगुळीत, पापुद्रा सुटलेला. बाया हसू लागल्या, कुणी तरी गुणगुणायला लागलं. गौराक्का परातीपुढं बसून मान खाली घालून पीठ मळत होती. महादेवी बाहेरून आली, रचलेल्या भाकऱ्यांकडे पाहिलं, वरच्या एका भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. मी पाकिटांच्या शेजारी बसून तिच्याकडे पाहत होतो. ती चावत राहिली. एवढासा तुकडा, त्याला इतकं चावायला लागत नाही. मग तिनं गिळला, पदरानं तोंड पुसलं आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "भरा."

मी भरायला घेतलं. मला काय वाटलं ते सांगायला हवं. मला सुटल्यासारखं वाटलं. का जमलं, हे विचारायची इच्छाच झाली नाही. बुडता माणूस वर आल्यावर हात कुणाचा होता ते बघत बसत नाही, तसं काहीसं. पहिली काही पार्सलं नेहमीच्या घरांना गेली, त्यात नाशिकचंही होतं. पुण्याची खोकी भिंतीशी रचून ठेवली.

आता हे लिहिता लिहिता दुपार कलली आहे. वारा पडलाय. गल्लीतल्या लिंबाचं पानही हलत नाही. खालून थापण्याचा आवाज येतोय आणि माझे कान त्यातला फरक शोधताहेत. ही सवय त्याच सुगीनं लावली.

नाशिकच्या बाईंचा फोन आला तो अशाच दुपारी. सईचं पोट बिघडलं होतं. दोन दिवस ती अंथरुणात होती. "काका, तुम्ही पिठात काही बदललंय का?" त्यांचा आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "बघून सांगतो, ताई." फोन ठेवला तेव्हा खोलीतल्या सगळ्यांचे हात थांबले होते.

महादेवीनं गौराक्काकडे पाहिलं. गौराक्का सहज म्हणाली, "मूठमूठ गव्हाचं पीठ घातलंय की. त्याबिगर जमतंय व्हय हे?"

मी विचारलं, "अक्का, कुणाला न विचारता?"

"त्यात काय इचारायचं?" ती खरंच चकित झाली होती. "नवी सून आली, तिची भाकरी मोडाय लागली, तर सासू गपचिप मूठभर कणिक टाकतीया. आमच्या दुधनीत समद्या घरात हेच की. चोरी करणारा कमी घालतोय, दाजी. मी तर जास्तीचं घातलं. गहू काय वंगाळ हाय का? पाव्हण्याला आपण गव्हाचंच वाढतोय की."

"त्या लेकीला गहू चालत नाही, अक्का."

"ते ठावं हाय मला. उपासाला चालत न्हाय तसं. चुकून पोटात गेलं तर देव काय मारतोय व्हय?" मग आमचे चेहरे पाहून तिचा आवाज उतरला. "लई दुखतंय का तिला?"

तिच्यावर रागावणं मला जमलं नाही. मी तिच्या जागी असतो तर हेच केलं असतं. आमच्याकडे गव्हाची मूठ म्हणजे मायेची मूठ. घरात जी माया, ती पाकिटात बंद केली की लबाडी होते, हे तिला कोण सांगणार? आम्हीच कधी सांगितलं नव्हतं. ओळ मी पाकिटाच्या बाहेर छापली होती, परातीजवळ बसणाऱ्या बायांना वाचून दाखवली नव्हती.

पण महादेवीला सांगायची गरज नव्हती. आतल्या खोलीत मी तिला गाठलं.

"तुला कळलं होतं."

"व्हय."

"कधी?"

"तुकडा तोंडात घातला तवाच." ती भिंतीला टेकून उभी होती. हाताला पीठ तसंच. "एक डाव, अवो. निस्ता ह्या एका खेपेला. म्होरल्या महिन्यात भाऊ कुठनं तरी चांगली ज्वारी आणतोय. हे दुकान आता सुटलं तर परत आपल्याला कोण दारात हुभं करणार हाय? ह्या बायास्नी काय सांगू, उद्यापासनं येऊ नका? तुमच्या कारखान्यानं सांगितलं तसं?"

"आणि सई?"

"तिच्या आईला फोन करते मी. म्हणते, थोडे दिस आमची भाकर देऊ नका. ज्वारी नवी आलीया, सोसंना झाली असंल. झालं की. तिला तर जपलं ना?"

"आणि पुण्यात त्या कपाटातनं जे घेतील ते?"

ती हातावरचं वाळलेलं पीठ खरवडू लागली. मीही पुढे रेटलं नाही. खरं सांगायचं तर तिचं म्हणणं मला निम्मं पटलं होतं. निम्मंअधिक. मला ते फाटक आठवत होतं, डबा धरून उभी असलेली माणसं आठवत होती. त्यातले कितीतरी पुन्हा उभे राहिले नाहीत. खरेपणा पोट भरलेल्याला परवडतो, असं आपण म्हणतो. म्हणायला सोपं आहे. दुसऱ्याच्या लेकराचं पोट त्यात असलं की ते वाक्य घशात अडकतं, एवढंच मी त्या दिवशी शिकलो. शिकून काय करायचं ते मात्र कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याला जायचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी येऊन लागला. खोकी बांधून तयार होती. महादेवी म्हणाली, "आधी तो फोन करते, मग माल चढवा." तिचे हात पिठाचे होते म्हणून मी नंबर लावला आणि नेहमीसारखा फोन मोठ्या आवाजावर करून फळीवर ठेवला. बाया थापत होत्या. गौराक्का आदल्या दिवसापासून परातीला शिवली नव्हती, कोपऱ्यात बसून फडकी घड्या करत होती.

महादेवीनं सुरुवात केली. "ताई, मी सोलापूरवरनं बोलतीया. भाकरीचं बोलायचं हुतं जरा. ती नवी ज्वारी..."

"अहो मावशी, बरं झालं तुम्ही केलात," त्या बाई घाईघाईनं म्हणाल्या. "मीच फोन करणार होते. काकांना काल उगाच विचारलं, त्यांना वाईट वाटलं असेल. भाकरीचा काही संबंध नाही. मला कळलंय काय झालं ते."

महादेवीनं माझ्याकडे पाहिलं.

"हिनंच शाळेत कुणाच्या तरी डब्यातली बिस्किटं खाल्लीत. दुसरं काही असूच शकत नाही. बाकी घरात सगळं माझ्या डोळ्यांसमोर असतं. आणि कबूल करत नाही हो. तोंड वर करून म्हणते, मी काही खाल्लं नाही. काल मारलं मी तिला. कधी हात उचलत नाही मी, पण हे खोटं बोलणं मला..." त्यांचा आवाज भरून आला. "डॉक्टरांना पण मी सांगितलं, भाकरीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवते म्हणून."

मागून, लांबून, एका मुलीचा आवाज आला. दमलेला, चिडलेला. "मी नाही खाल्लं."

"बघा, अजून तेच," बाई म्हणाल्या.

आमची सुटका झाली होती, आयती, न मागता. महादेवीनं फक्त ‘बरं’ म्हणायचं होतं. ‘बरं, जपा तिला’ म्हणून फोन ठेवायचा, आणि खोकी चढवायची. मला शरम वाटते, पण मी मनातल्या मनात म्हणत होतो, म्हण. बरं म्हण.

महादेवी फळीजवळ गेली. पिठाच्या हातांनी तिनं फोन उचलला.

"ताई, तिला द्या जरा."

"कुणाला, सईला? अहो, ती आत्ता..."

"द्या तिला."

थोडा वेळ खुडबुड झाली. मग श्वासाचा आवाज आला.

"सई," महादेवी म्हणाली, "तू काय बी खाल्लं न्हाईस. तू खरं बोलत हुतीस, बाळा. आमच्या भाकरीत गहू हुता. आमी घातला. मला ठावं हुतं आन् मी तशीच धाडली. तुजं काय बी चुकलं न्हाय."

मला वाटलं, फोन तुटला. गौराक्कानं पदराचा बोळा तोंडात धरला होता.

मग ती मुलगी म्हणाली, "हे आईला सांगा."

"आई ऐकतीया की गं. शेजारीच हाय न्हवं?"

"तरी सांगा. तिला सांगा."

आणि महादेवीनं सांगितलं. पहिल्यापासून. पाऊस, व्यापाऱ्याची ज्वारी, मोडणाऱ्या भाकऱ्या, मूठभर पीठ, तोंडात घातलेला तो तुकडा. कामावरच्या सगळ्या बायांच्या देखत, मोठ्यानं, एक शब्द न गाळता. पलीकडे त्या बाई एकदाच म्हणाल्या, "मावशी, मी मारलं हो तिला," आणि मग त्यांच्या रडण्याचा आवाज येत राहिला. महादेवी थांबली की सई म्हणे, "अजून सांगा, मी काय म्हणत होते ते." की ही पुन्हा सांगे, ती खरं बोलत हुती, ताई, लेकरू खरं बोलत हुतं.

गल्लीच्या तोंडाशी टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. कुणी उठलं नाही. त्यानं पुन्हा वाजवला. महादेवीनं बोलता बोलताच माझ्याकडे पाहून मान हलवली, नाही म्हणून. मी चपला शोधल्या, एकच सापडली, तसाच बाहेर गेलो. ड्रायव्हर म्हणाला, "काय काका, चढवायचं का?" मी म्हणालो, "नाही. तू जा, रिकामाच जा." त्याला खरं वाटेना. पुण्यात काय सांगू, म्हणाला. मी म्हणालो, भाकरीत गहू आहे म्हणून सांग. तो हसला, मग माझं तोंड पाहून गाडी मागं घेऊ लागला. अरुंद गल्ली, त्याला बराच वेळ लागला. मी उन्हात उभा राहून त्याला मागं ये, मागं ये करत गाडी बाहेर काढून दिली.

परत आत आलो तरी महादेवी अजून सांगतच होती.